डाव्या हाताला डोंगर

आमच्या चाकण पट्ट्यात रविवार म्हणून काही नसतो. आठवड्याची सुट्टी गुरुवारी. मुलांची शाळा रविवारी बंद, बँक रविवारी बंद, पाहुणे यायचे तेही रविवारी, आणि आम्ही मात्र रविवारी फर्स्ट शिफ्टला. डोंगर फिरवणारे जेवढे ग्रुप आहेत ते सगळे शनिवार-रविवारचे. हिंजवडीत काम करणारी पोरं-पोरी चिंचवड स्टेशनला जमतात, एका रंगाचे टीशर्ट घालतात आणि निघतात. मी एकदा त्यांच्यातल्या एकाला फोन करून विचारलं, गुरुवारी नेता का? तो म्हणाला, ताई, गुरुवारी कोण येणार? मी म्हटलं, अरे, इथं सगळा पट्टा गुरुवारी मोकळा असतो. त्याला वाटलं मी त्याची फिरकी घेतेय. त्यानं फोन ठेवला.

मग आम्ही तिघींनी आमचं आपलं सुरू केलं. मी दीपमाला, दुसऱ्या कौशल्याबाई आणि तिसरी अपेक्षा. निघोज्याला एका कंपनीत गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनतात, तिथं आम्ही तपासणीच्या लाइनवर आहोत. पार्ट पुढं आला की दिव्याखाली धरायचा, चारी बाजूंनी फिरवायचा, ओरखडा नाही, फुगा नाही बघायचं. चांगला असला तर पुढं जाऊ द्यायचा, नसला तर लाल क्रेटमध्ये टाकायचा. कौशल्याबाई धाराशिवकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, देवावर आणि स्वतःच्या हातच्या धपाट्यांवर सारखाच विश्वास असलेल्या. अपेक्षा जालन्याची, पंचविशीतली, ठेकेदाराकडून आलेली. तिच्या हातातला पार्ट आणि आमच्या हातातला पार्ट एकच असतो, फक्त तिला रजा नसते. ती आली नाही की ठेकेदार दुसरी आणतो.

डोंगराचं नाव दुधोबा, माथ्यावर त्याच नावाचा देव. थंडीत सकाळी कंपनीच्या गच्चीवर डबा खायला गेलं की विजेच्या तारांच्या पलीकडं तो दिसतो. माथा सपाट, एका अंगाला खांदा पडलेला. पुष्कळ वर्षं मी त्याचं तोंडच बघत आले. एके दिवशी सहज म्हणाले, याची पाठ कशी असेल? अपेक्षानं नकाशा बघायला लगेच मोबाइल काढला, कौशल्याबाईंनी तोंडातला घास गिळला आणि विचारलं, "जायचं का बघायला?" सगळं तिथून सुरू झालं.

पूर्वेकडची गावं एका गुरुवारी पायाखाली घातली. उत्तरेची खिंड दुसऱ्या गुरुवारी केली. तिसऱ्या वेळी दक्षिणेच्या घळीच्या तोंडाशी जाऊन आलो. दर वेळी पहाटेची एसटी धरून खेडला जायचं, तिथून जीप, उरलेलं पायी, आणि दिवस मावळायच्या आत मागं फिरायचं, कारण दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. राहिली पश्चिमेची बाजू, म्हणजे पाठ. तिकडं रस्ता नाही की गाव नाही. उभ्या कड्याच्या खाली, डोंगराच्या कमरेवरून जंगलाचा एक पट्टा जातो, त्याला तिकडची माणसं पदर म्हणतात. हा पदर पार करायचा तर मध्ये एक रात्र काढावी लागते. गुरुवार कितीही ताणला तरी त्यात रात्र मावत नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं की अर्धवट काही करायचं नाही. सगळी फेरी एकसलग करायची. चार दिवसांचं सामान पाठीवर घ्यायचं, डोंगराला पूर्ण वळसा घालायचा आणि जिथून निघालो तिथंच आपल्या पायांनी परत यायचं.

माझा नवरा ज्योतीराम कामगारांची बस चालवतो. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तीन बाजू बघून झाल्या ना? चौथी काय वेगळी असणार आहे?"

"मग कंपनीत आम्हाला चार बाजू का तपासायला लावतात?" मी म्हटलं. "तीन चांगल्या निघाल्या तर पार्ट पुढं जाऊ द्यावा."

"बायका बायका एकट्या जाणार?"

"तिघी असल्यावर एकट्या कशा होतील?"

आपल्याकडं बायका दहा असल्या तरी एकट्याच असतात, आणि पुरुष एक असला तरी तो सोबत असतो. हे हिशेब कोणी मांडले मला माहीत नाही, पण मी ते मानत नाही.

आता माझ्या खुर्चीबद्दल सांगायला पाहिजे. मागच्या पावसाळ्यात माझा उजवा गुडघा सुजला. दिवसभर एका फरशीवर उभं राहून राहून तो कधीतरी बोलणारच होता. डॉक्टर म्हणाले, बाई, चालत राहा, चालणं थांबवू नका, पण एका जागी उभ्या राहू नका. मी ती चिठ्ठी घेऊन कंपनीत किती खेपा घातल्या ते माझं मला ठाऊक. शेवटी एक खुर्ची मिळाली. कँटीनमधली, निळ्या प्लास्टिकची, एक हात तुटलेली. पण सबंध लाइनवर ती एकच खुर्ची आहे. येणारा-जाणारा साहेब आधी तिच्याकडं बघतो आणि मग माझ्याकडं. बाकीच्या बायकांचे गुडघे लोखंडाचे आहेत असं नाही. माझ्या खुर्चीचं काय होतंय ते त्या बघत होत्या.

आणि आमच्या कंपनीत फाइव्ह एस नावाचं एक खूळ आहे. लाइनवर वापरात नसलेली वस्तू दिसली की तिला लाल टॅग लावायचा आणि स्टोअरला पाठवायची. स्टोअरला गेलेली वस्तू परत आलेली मी तरी पाहिलेली नाही.

फेरीची आखणी आम्ही कँटीनमध्ये केली. एक मोठं खोकं उलगडून त्याच्या आतल्या बाजूवर अपेक्षानं मार्करनं डोंगर काढला. गावं, विहिरी, खिंड, पदर, घळ. सगळं अडत होतं ते पाण्यापाशी. पाठीच्या बाजूला पाणी एकाच ठिकाणी, कड्याच्या पोटात कोरलेल्या टाक्यात. हे आम्हाला धोंडीबांनी सांगितलं होतं. खिंडीखालच्या शेवटच्या वाडीत ते राहतात, जन्मभर गुरं वळली, आता पडवीत बसून विळ्याला धार लावतात.

"टाक्यात पानी हाय," ते म्हणाले होते. "पर शिमग्याच्या आत. शिमगा झाला की तळाचा गाळच ऱ्हातो. आन् जावा ते हिकडनं, खिंडीकडनं. हितं झऱ्यावर कॅन भरायचं आन् सपाटीनं टाक्यापत्तुर चालायचं. तिकडनं घळीतनं पानी वाहून चढशीला तर टाकं यायच्या आत सगळं पिऊन बसशीला."

म्हणजे दिशा ठरली. पूर्वेकडून निघायचं, उत्तरेची खिंड, तिथं पाणी भरून घ्यायचं, मग पाठ, मग दक्षिणेची घळ उतरून पुन्हा पूर्वेला. सगळी वाट डोंगर डाव्या हाताला. घळ उतरताना माझा गुडघा कुरकुरणार होता, पण तोवर कॅन रिकामे झालेले असणार, आणि बसून घसरत उतरायची मला लाज नाही. अपेक्षानं पुठ्ठ्यावर तसे बाण काढले. कौशल्याबाईंनी भाजलेलं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे आपल्याकडं घेतले. मी भंगारवाल्याकडून पांढऱ्या फोमच्या शीट आणल्या, खाली अंथरायला. सराव म्हणून कंपनीची बस सोडली आणि पाण्याचे भरलेले कॅन सॅकमध्ये घालून कुरुळीतल्या घरून निघोज्याला पायी जायला लागले. रस्त्यात ओळखीचे लोक विचारायचे, "गावी निघालात का?" मी म्हणायची, "नाही, कामाला."

राहिली ती रजा. मधला गुरुवार धरून चार दिवस, म्हणजे तीन रजा सलग. वर्षअखेरीच्या घाईत सलग रजेला 'खाजगी काम' चालत नाही, नीट कारण द्यावं लागतं. कारणं सगळ्यांना पाठ आहेत: लग्न, मयत, दवाखाना आणि देवकार्य. पहिल्या तिन्हींना काही ना काही पुरावा मागतात. देवकार्याला कोणी काही मागत नाही. पुरुष तर वर्षातून दोनदा गावी जाऊन देवकार्य करून येतात आणि येताना गोव्याच्या काजूची पाकिटं आणतात. आमचं घर बौद्ध. आमच्याकडं वंदना होते, देवकार्य होत नाही. त्यामुळे हे खात्रीचं कारण माझ्या वाट्याला कधी आलंच नाही.

अपेक्षानं ठेकेदाराला विचारून पाहिलं. तो म्हणाला, जा की, खुशाल जा, तुझ्या जागी माणूस तयार आहे. ती परत आली आणि पुठ्ठ्यावरचे बाण उगाच गडद करत बसली. घरी तिच्या पगाराची वाट बघणारी माणसं होती. मला तेव्हा त्या ठेकेदाराची मान धरावीशी वाटली. फेरी तिच्या मोबाइलमधून निघाली होती, आणि तीच मागं राहणार होती.

कौशल्याबाई रजा मंजूर करणाऱ्या, पर्सनल खात्याच्या उद्धवरावांकडं गेल्या आणि म्हणाल्या, दुधोबाला प्रदक्षिणा घालायची आहे, नवस आहे. त्यांना बसायलाही लागलं नाही. उद्धवरावांनी उभ्याउभ्या सही केली आणि दुसऱ्या दिवशी शिपायाच्या हाती एक नारळ पाठवला, माझ्याही नावानं वाहा म्हणून.

मग मी गेले. उद्धवराव माणूस वाईट नाही. निवृत्तीला आलेले, कपाळाला गंध, बोलणं हळू. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"दुधोबाला फेरी मारायची आहे."

"हां, म्हणजे कौशल्याबाईंबरोबर. प्रदक्षिणा." ते लिहायलाही लागले.

"प्रदक्षिणा नाही साहेब. फेरी."

पेन थांबलं. "फरक काय पडतो?"

"नवस त्यांचा आहे. माझा नाही. मला डोंगराची मागची बाजू बघायची आहे."

"बघायची आहे," ते म्हणाले, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "आणि तुमचा गुडघा?"

"प्रदक्षिणा म्हटलं असतं तर गुडघा विचारला असता का तुम्ही?"

"अहो, देवाच्या वाटेवर माणूस लोटांगण घालत जातो. त्याला कोण विचारणार? पण हौसेनं डोंगर फिरणाऱ्या बाईला लाइनवर खुर्ची कशाला, हे वरचे मला विचारतील. मी काय सांगू?"

"सांगा की उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय. उभं राहायला नको म्हणून सांगितलंय. साहेब, एक दिवस आमच्या लाइनवर एका फरशीवर उभे राहून बघा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ चालून बघा. तुमचे पायच सांगतील."

त्यांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. आवाज खाली आणला. "दीपमालाताई, मी प्रदक्षिणा लिहितो. तुम्ही काही बोलू नका, फक्त सही करा. रजा पण मिळेल आणि खुर्ची पण राहील. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

आणि ते खरंच भल्याचं सांगत होते. क्षणभर मला वाटलं, करून टाकावी सही. एका शब्दानं काय होतंय, कोण बघतंय? मग माझा मलाच राग आला. या माणसाच्या लेखी माझे पाय देवाच्या कामाला चालतात आणि माझ्या कामाला चालत नाहीत. मला नुसतं जायचंय, हे कारणच नाही. बाईला कुठं जायचं तर कोणीतरी मेलं पाहिजे, कोणाचं तरी लग्न निघालं पाहिजे, नाहीतर देवानं तरी बोलावलं पाहिजे.

"फेरी लिहा," मी म्हटलं. "नाहीतर राहू द्या."

"मग राहू द्या," उद्धवराव म्हणाले.

घरी ज्योतीरामनं ताट वाढून घेतलं होतं. मी सगळं सांगितलं, रजा नसली तरी जाणार हेही. तो जेवत जेवत ऐकत होता.

"लिहू दिलीस का प्रदक्षिणा?"

"नाही."

"बरं केलंस." त्यानं भाकरी मोडली. "लिहू दिली असतीस तर मीच जाऊन खोडून आलो असतो. पण जायला माझी ना आहे, ती आहेच."

"असू दे," मी म्हटलं. "तुझी ना इथंच ठेवून जाईन."

तो हसला नाही. दोन दिवसांनी दाराआड दोन बांबूच्या काठ्या उभ्या दिसल्या, टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलेल्या.

खरी अडचण आली ती कौशल्याबाईंकडून. कँटीनमध्ये त्यांनी पुठ्ठा पुढं ओढला, बाणांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे उलटे करा."

"का?"

"प्रदक्षिणा उजवीकडनं असतीय. देव उजव्या हाताला पायजे. उलटं मयताला फिरतेत."

मला आधी कळेचना. "अहो, पण तुमचा नवस खोटा आहे. रजेसाठी सांगितलात तुम्ही."

"सांगताना खोटा होता. आता साहेबांनी सही केली, वर नारळ दिला. देवाचं नाव लागलं त्याला. आता खोटा कसा राहील?"

"आणि पाणी?" अपेक्षा म्हणाली. "मावशी, तुमच्या बाजूनं गेलं तर सगळं पाणी घेऊन घळ चढायची आहे. धोंडीबा काय म्हणाले ऐकलंय ना तुम्ही?"

"ऐकलंय."

"आणि ते आणखी काय म्हणाले ते पण आठवा," अपेक्षा म्हणाली. " आम्ही गुरं जातील तिकडून फिरतो म्हणाले. देव वर बसलाय, खाली कोण कुठल्या अंगानं गेलं ते बघत नाही म्हणाले."

"त्यांचं वेगळं हाय," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी कुटं रजेचा अर्ज दिलाय?"

मी चिडले. काय वाटेल ते बोलले. म्हटलं, तुमच्या एका थापेपायी आता आम्ही उन्हात तहानेनं मरायचं का? म्हटलं, मला तर रजाच नाही, आणि तुम्ही मिळालेल्या रजेची माती करताय. त्या उठल्या आणि डबा धुवायला गेल्या. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेजारी-शेजारी आम्ही पार्ट तपासत होतो आणि लाल क्रेटमध्ये जरा जास्तच जोरात टाकत होतो.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. हातात तो नारळ होता.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चल साहेबाकडं."

"कशाला?"

"दोन दिस झोप न्हाई मला. शब्द माघारी घेते. शब्द निघाला की बाण मोकळे होतेत. देवाशी खोटं बोलून त्याच्याच डोंगरात तहानेनं पडायचं, त्यापरास खरं बोलून डाव्या हातानं जाऊ. देवाला माझी पाठ दिसली तरी चालंल, थाप नको."

उद्धवरावांच्या टेबलावर त्यांनी नारळ ठेवला. "साहेब, माझा अर्ज बदला. प्रदक्षिणा नगं. फेरी लिवा. हिच्यासारखं."

उद्धवराव नारळाकडं बघत राहिले. "बाई, मंजूर झालेली रजा कोणी परत करतं का?"

"देवाच्या नावावर घेतलीया, म्हनून परत करायले. नवस मी बोललेच न्हवते. मला बी मागची बाजूच बघायची हाय."

"मग मी तुमचीही रजा नाकारली तर?"

"नाकारा. आमी जाणार. गैरहजेरी लावा." कौशल्याबाई जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभी होते. गुडघा ठणकत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

एक बाई असती तर उद्धवरावांनी समजूत घातली असती. दोघी एकच शब्द धरून बसल्यावर त्यांना कोणाला समजवावं ते सुचेना. शेवटी त्यांनी दोन्ही अर्ज ओढले आणि पेन एवढं दाबून लिहिलं की कागद फाटतो की काय वाटलं. दोन्हींवर फेरी.

"नारळ घेऊन जा," ते कौशल्याबाईंना म्हणाले. "दिलेला नारळ मी परत घेत नाही. जिथं पाणी लागेल तिथं फोडा." मग माझ्याकडं वळले. "तुमच्या खुर्चीचं मी आत्ता काही बोलत नाही. पण नियम तुम्हाला माहीत आहे. लाइनवर रिकामी वस्तू दिसली तर टॅग लागेल. तेव्हा माझ्याकडं येऊ नका."

"नाही येणार," मी म्हटलं.

म्हणजे डोंगर मिळाला आणि खुर्ची टांगणीला लागली. त्या रात्री सॅक भरताना माझ्या डोक्यात वाट नव्हती, खुर्चीच होती. चार दिवस फिरून यायचं आणि पुढची सगळी वर्षं उभ्यानं भरायची, असं तर होणार नाही ना? भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण त्या भीतीपोटी घरी बसले असते तर खुर्चीवर बसल्यावरही मला ती बोचली असती.

निघण्याच्या आदल्या दिवशी शिफ्ट सुटायला आली तेव्हा मी लाइनवरच्या सगळ्या बायकांना थांबवलं. भाषण वगैरे मला येत नाही. मी एवढंच म्हटलं, "माझी खुर्ची रिकामी ठेवू नका."

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "आम्ही बसलो तर चालेल का?"

"तुमचे गुडघे दुखतात का?"

मग अपेक्षा पुढं आली, खुर्ची ओढली आणि सगळ्यांसमोर तीत बसली. ठेकेदाराकडची पोरगी, जिला रजासुद्धा नाही. बसूनच तिनं पुढचा पार्ट उचलला आणि दिव्याखाली धरला.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "पाठ कशी आहे ते मला येऊन सांगा. आणि फोटो नीट काढा, मागच्या वेळेसारखं बोट मध्ये आणू नका."

मंगळवारी आम्ही निघालो. पूर्वेची गावं ओळखीची झाली होती, एका आजीनं ताक दिलं, कुत्र्यांनी सोबत केली. दिवस मावळताना धोंडीबांच्या पडवीत सॅक उतरवल्या. त्यांनी माझ्या काठ्या हातात घेऊन रबर दाबून पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक केलंय कोनी." मी म्हटलं, नवऱ्यानं. तो जाऊ नको म्हणत होता, हे नाही सांगितलं.

सकाळी झऱ्यावर कॅन भरले. कौशल्याबाईंनी दगडावर नारळ फोडला, पाणी झऱ्यात सोडलं आणि डोंगराकडं बघून हात जोडले. मी सॅक पाठीला लावत होते. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं त्याला. म्हटलं, उलटं जायलोत, पान्याचं कारण हाय, राग धरू नको." मग खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो चटणीबरोबर खाल्ला. दोघींनी अर्धा नारळ तिथंच संपवला.

खिंडीच्या माथ्यावर रेंज मिळते आणि तिथंच संपते. पलीकडं पदराचं जंगल सुरू होत होतं आणि त्याच्यावर कडा उभा होता, काळा, ओला डाग असलेला, आम्ही कधीच न पाहिलेला. दुधोबाची पाठ. गच्चीवरून दिसतो त्याहून हा डोंगर कितीतरी मोठा होता. मला एकदम भरून आलं.

तेवढ्यात फोन वाजला. अपेक्षानं फोटो पाठवला होता. निळ्या खुर्चीवर कौशल्याबाईंच्या जागेशेजारची बाई बसली होती, पाय पुढं सोडून, आणि तिच्यामागं दुसरी आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. कोपऱ्यात लाल क्रेट होता. त्यात एक खराब पार्ट पडला होता आणि त्या पार्टवर एक लाल टॅग.

खाली अपेक्षानं लिहिलं होतं, "सकाळी खुर्चीच्या तुटक्या हाताला टॅग लावलेला दिसला. काढून चारी बाजूंनी तपासला. ओरखडा निघाला. रिजेक्ट केला. उद्या सगळ्या मिळून साहेबांकडं आणखी खुर्च्या मागायला जाणार होतो, पण उद्या गुरुवार आहे. म्हणून शुक्रवारी."

मी कौशल्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग मी फोन बंद केला, काठ्या घेतल्या आणि डोंगर डाव्या हाताला धरून आम्ही पदरात उतरलो.